गाडीचा कंप्रेसर बदलण्याआधी तो का गेला, ते विचारा

मे महिन्यातली अकोल्याची दुपार. गाडीचा एसी गार हवा द्यायचा थांबला आणि वाटेत दिसलेल्या पहिल्या गॅरेजमध्ये मी गाडी घातली. पाच मिनिटांत निकाल लागला, "कंप्रेसर गेला." नवा बसवला, गॅस भरला, बिल दिलं, गाडी गार झाली. पुढच्या मार्चमध्ये तोच नवा कंप्रेसर करकर आवाज करत जाम झाला.

या वेळी दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्यानं लगेच काही सांगितलं नाही. आधी यंत्रातला गॅस काढून घेतला, मग एक पाइप सोडला आणि आतल्या तेलाचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर टिपले. तेल करडं होतं आणि उन्हात धरल्यावर त्यात जरीसारखी बारीक चमक दिसत होती. "भाऊ, हा ॲल्युमिनियमचा चुरा आहे," तो म्हणाला, "तुमचा पहिला कंप्रेसर झिजला तेव्हाचा. नवा बसवताना कोणी साफच केलं नाही. त्यानं हाच चुरा खाल्ला."

त्या कागदामुळे हा लेख लिहितो आहे. एसीचा कंप्रेसर ही गाडीतल्या महागड्या वस्तूंपैकी एक आहे. लहान गाडीचा नवा घ्यायचा म्हटला तरी खिशाला चांगलीच कात्री लागते. आता हा खर्च फक्त मोटारवाल्यांचा राहिलेला नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना चालकाच्या केबिनमध्ये एसी बसवणं केंद्र सरकारनं बंधनकारक केलं आहे. विदर्भाच्या उन्हात बारा-चौदा तास स्टिअरिंगवर बसणाऱ्या माणसाला हा एसी फार आधी मिळायला हवा होता. पण ज्याचं घर त्या ट्रकवर चालतं, त्याला एकाच वर्षात दोनदा कंप्रेसर बदलणं परवडणार नाही. म्हणून ही यंत्रणा कशी चालते आणि कशानं बिघडते, ते नीट समजून घेऊ.

माठ आणि विहीर

माठातलं पाणी गार का होतं, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. माठाला पाझर असतो, बाहेर आलेलं पाणी उडून जातं आणि उडताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. हातावर स्पिरिट लावल्यावर गार वाटतं तेही यामुळेच. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती तो आजूबाजूच्या वस्तूंकडून घेतो.

गाडीच्या एसीत हेच होतं. डॅशबोर्डच्या आत एक जाळीदार कॉइल असते, तिला आपल्याकडे कूलिंग कॉइल म्हणतात. तिच्यात पाण्याऐवजी एक खास द्रव उकळत असतो. याला शास्त्रीय भाषेत शीतक म्हणतात. गॅरेजमध्ये सगळे 'गॅस' म्हणतात, आपणही तेच म्हणू. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत हा गॅस आर-१३४ए असतो. मोकळ्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. म्हणजे आपल्या दृष्टीनं जी कडाक्याची थंडी, ती त्याच्यासाठी उकळी फुटण्याएवढी गरम. ब्लोअरची हवा या कॉइलवरून जाते, गॅस तिच्यातली उष्णता घेऊन उकळतो आणि गार झालेली हवा आपल्या तोंडावर येते.

माठातलं उडून गेलेलं पाणी परत मिळत नाही, रोज माठ भरावा लागतो. गाडीत तसं चालणार नाही. उकळून वाफ झालेला गॅस गोळा करून त्याचा पुन्हा द्रव करावा लागतो आणि त्यासाठी त्यानं शोषलेली उष्णता बाहेर फेकावी लागते. अडचण अशी की बाहेर ४४ अंश तापमान आहे. कॉइलमधून आलेली गारेगार वाफ आपली उष्णता त्या तापलेल्या हवेला देईल कशी? उष्णता गरमाकडून गाराकडे जाते, जसं पाणी उताराकडे जातं. उलट न्यायचं तर जोर लावावा लागतो, विहिरीतलं पाणी वर आणायला लावतो तसा.

कंप्रेसर हा तो विहिरीवरचा पंप. तो वाफेला दाबतो. सायकलचा पंप मारताना नळी गरम होते तशी दाबलेली वाफही तापते. कॉइलमधून निघताना गॅस एक-दोन अंशांच्या आसपास असेल, तर दोनशे पीएसआय दाबाला तो ५५ अंशांच्या आसपास द्रव होऊ लागतो. आता बाहेरची ४४ अंशांची हवा त्याच्यापेक्षा गार आहे. रेडिएटरच्या पुढे असलेल्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो आपली उष्णता त्या हवेला देतो आणि द्रव होतो. पुढे एका बारीक छिद्रातून, म्हणजे एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून, तो एकदम कमी दाबात सुटतो, गार होतो आणि कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा उकळायला लागतो.

एवढीच ही साखळी आहे. पुढचं सगळं तिच्यावरूनच कळतं.

कोरडा पंप

शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही की विहीर आटली असताना पंप चालू ठेवला तर तो जळतो. कंप्रेसरचंही तसंच आहे, पण यातली खोच बहुतेकांना माहीत नसते.

इंजिनात ऑइल तळाशी एका टाकीत असतं आणि तिथून सगळीकडे पोचतं. गाडीच्या बहुतेक कंप्रेसरना अशी टाकी नसते. त्यांचं तेल गॅसमध्ये मिसळून पूर्ण यंत्रणेत फिरतं आणि गॅसबरोबरच परत कंप्रेसरकडे येतं. लहान गाडीच्या यंत्रणेत हे तेल फार तर चहाच्या एका कपाएवढं असतं.

गॅस कमी झाला की दोन गोष्टी होतात. गळतीच्या जागेतून गॅसबरोबर थोडं तेलही जातं. आणि उरलेला गॅस इतका थोडा असतो की कॉइलमध्ये आणि पाइपांत पडलेलं तेल तो ओढून परत आणू शकत नाही. त्यातच, कंप्रेसरला गार ठेवण्याचं कामही परत येणाऱ्या थंड वाफेचंच असतं, तीही कमी येते. पिस्टन कोरडे फिरतात, तापतात, झिजतात. करड्या तेलात दिसणारी ती चमक इथून येते.

गॅस खूपच कमी झाला तर कंप्रेसर बंद पाडणारा प्रेशर स्विच बहुतेक गाड्यांत असतो. पण तो शेवटच्या टप्प्यावर काम करतो. त्याआधीचे कित्येक आठवडे, "एसी थोडा कमी गार करतोय" असं आपण म्हणत असतो, तेव्हाच खरं नुकसान चाललेलं असतं. हा स्विच वायर जोडून 'डायरेक्ट' करून देणारे लोकही असतात. कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. तो स्विच म्हणजे कंप्रेसरचा शेवटचा राखणदार.

"गॅस दरवर्षी भरावाच लागतो ना?"

नाही. हा गैरसमज सर्वांत खोलवर रुजलेला आहे.

गॅस पेट्रोलसारखा जळत नाही आणि वापरला म्हणून संपत नाही. तोच गॅस बंद नळ्यांत वर्षानुवर्षं फिरतो. रबरी पाइपांतून वर्षाला अगदी थोडा झिरपतो हे खरं, त्यामुळे सात-आठ वर्षांच्या गाडीत एकदा भरावा लागला तर नवल नाही. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि दरवर्षी तिथून गॅसबरोबर तेलही जातं आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरून घेणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरत राहणं.

गळती शोधण्याचे मार्ग साधे आहेत. जोडांवर, कंप्रेसरच्या पुढच्या तोंडाशी आणि कंडेन्सरच्या जाळीवर तेलकट धूळ चिकटलेली दिसते का ते टॉर्चनं पाहायचं. नायट्रोजन भरून दाब धरून ठेवायचा आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. किंवा अल्ट्राव्हायोलेट दिव्यात चमकणारा रंग गॅसबरोबर सोडायचा आणि काही दिवसांनी तपासायचं. कूलिंग कॉइल गळत असेल तर मात्र काम वाढतं, कारण बऱ्याच गाड्यांत तिच्यापर्यंत पोचायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो. गळती आपोआप बुजवणारे डबे मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. तो चिकट पदार्थ गळतीच्या जागी थांबेलच असं नाही, एक्सपान्शन व्हॉल्व्हचं बारीक छिद्र मात्र बुजवू शकतो.

आता गॅस किती भरायचा. घरचा सिलिंडर घेताना आपण तो हलवून बघत नाही, वजन बघतो. १४.२ किलो भरले की नाही, ते काटा सांगतो. कारण आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी दाब तेवढाच राहतो. सिलिंडर भरलेला असो की पाव असो, शेगडीची ज्योत सारखीच. गाडीतला गॅसही असाच वागतो. एसी बंद असताना गेज लावलं तर त्यावर दिसणारा दाब हवेच्या तापमानावर ठरतो. ३० अंशांना साधारण ९५-१०० पीएसआय, ४० अंशांना १३० च्या आसपास. गॅस पुरेसा असला तरी तेवढाच आणि निम्मा असला तरी जवळपास तेवढाच. म्हणून नुसतं गेज बघून "फुल आहे" म्हणणं धोक्याचं. बॉनेटखाली एक स्टिकर असतो, त्यावर गॅसचा प्रकार आणि ग्रॅममधलं वजन छापलेलं असतं. लहान गाड्यांत ते बहुतेक वेळा चारशे-पाचशेच्या आसपास असतं. तेवढाच गॅस, काट्यावर मोजून, भरायचा.

जास्त भरला तर जास्त गार होईल असं वाटतं, पण घडतं उलटंच. दाब वाढतो, गारवा कमी होतो आणि कधी पूर्ण न उकळलेला द्रव कंप्रेसरमध्ये शिरतो. वाफ दाबता येते, द्रव दाबता येत नाही. त्याचा फटका कंप्रेसरच्या आतल्या पातळ पत्र्याच्या झडपांना बसतो.

सिग्नलला गरम, महामार्गावर गार

ही तक्रार घेऊन कुणी आलं तर माझं पहिलं बोट कंडेन्सरच्या पंख्याकडे जातं. गाडी पळत असताना वारा कंडेन्सरला थंड करतो. गर्दीत ते काम पंख्याला करावं लागतं. पंखा बंद पडला किंवा मंद झाला, की गॅसला उष्णता फेकायला जागा उरत नाही, दाब चढत जातो आणि कंप्रेसरला दुप्पट कष्ट पडतात. एसी लावून बॉनेट उघडा, हात आणि ओढणी दूर ठेवा आणि पंखा फिरतोय का ते फक्त बघा. यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत.

कंडेन्सरच्या जाळीत माती, किडे आणि रस्त्यावरचा कचरा भरतो. कोकणात आणि मुंबईत खारी हवा ती जाळी पोखरते. उन्हाळ्याआधी एकदा साध्या नळीनं, कमी जोराच्या पाण्यानं ती धुवून घ्या. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा थेट तिच्यावर मारला तर पातळ पत्र्या दुमडतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

खरंच कंप्रेसर गेलाय का?

"कंप्रेसर गेला" हा निकाल ऐकल्यावर आधी हे तपासून घ्या.

इंजिनाचा पट्टा कंप्रेसरची पुली सतत फिरवत असतो, एसी बंद असला तरी. पुलीच्या तोंडावर एक वेगळी चकती असते. एसी सुरू केला की आतलं विद्युतचुंबक त्या चकतीला ओढून पुलीला चिकटवतं, 'खट्' असा आवाज येतो आणि मग कंप्रेसरचा दांडा फिरायला लागतो. याला क्लच म्हणतात. १९४० च्या मॉडेलची अमेरिकन पॅकार्ड ही कारखान्यातूनच एसी बसवून मिळणारी पहिली मोटार, पण तिच्यात हा क्लच नव्हता. एसी नको असेल तर चालकाला इंजिन बंद करून, बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवावा लागे. ही छोटी चकती किती मोलाची आहे, ते यावरून कळतं.

एसी बंद असतानाही घरघर येत असेल, तर दोष बहुधा पुलीच्या बेअरिंगचा असतो. बेअरिंग बदलता येतं आणि ते कंप्रेसरच्या मानानं फार स्वस्त असतं. 'खट्' आवाजच येत नसेल तर फ्यूज, रिले, उंदरानं कुरतडलेली वायर, कमी झालेला गॅस, क्लचमधल्या विद्युतचुंबकाचं वेटोळं, यांतलं काहीही असू शकतं.

सकाळी एसी उत्तम आणि दुपारी गाडी तापल्यावर आपोआप बंद, असं होत असेल तर क्लचच्या फटीकडे बघायला सांगा. चकती आणि पुली यांच्यात साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर फट असावी लागते. वर्षानुवर्षं घासून ती वाढते. गरम झालं की चुंबकाचा जोर कमी होतो आणि वाढलेल्या फटीपलीकडची चकती त्याला ओढता येत नाही. चकतीखालची एक पातळ वॉशर काढली की कित्येकदा काम होतं. एका वॉशरसाठी अख्खा कंप्रेसर बदलला गेला, तर गाडीवाल्यावर तो अन्यायच.

काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो. कंप्रेसर कायम फिरतो आणि आतला कंट्रोल व्हॉल्व्ह गरजेप्रमाणे कमी-जास्त गॅस दाबतो. अशा गाडीत 'खट्' ऐकू येणार नाही, म्हणून बिघाड आहे असं समजू नका. बऱ्याच कंप्रेसरमध्ये हा व्हॉल्व्ह वेगळा बदलताही येतो.

आणि खरोखर गेलेला कंप्रेसर कसा ओळखायचा? क्लच धरतो, दांडा फिरतो, गॅस वजनानं बरोबर आहे, तरीही गेजच्या हाय (कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसच्या) आणि लो (त्यात परत येणाऱ्या गॅसच्या) बाजूंच्या दाबात फारसा फरक पडत नाही. म्हणजे तो फिरतोय, पण दाबत नाही. किंवा एसी लावल्याबरोबर आतून धातूचा खडखडाट येतो. किंवा तो जाम होतो आणि पट्ट्यातून जळका वास येतो. यांपैकी काही असेल तर बदलण्याची वेळ आली.

बदलताना

गाडी आत देऊन चहाला जाऊ नका, शक्य असेल तर समोर थांबा. चांगला मेकॅनिक याचा राग धरत नाही. माझ्या दुसऱ्या मेकॅनिकनं मला स्टूल दिलं होतं.

सुरुवात जुना गॅस काढण्यापासून होते. तो यंत्रानं ओढून टाकीत घ्यायचा असतो, हवेत सोडायचा नसतो. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनचा थर खाणारा जुना आर-१२ गॅस जगभरातून हटवला गेला आणि आर-१३४ए आला. ओझोनला त्याचा त्रास नाही, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट भारी पडतो. एका गाडीतला चारशे ग्रॅम गॅस 'फुस्स' करून सोडला तर सुमारे पावणेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. ४४-४५ अंशांत भाजून निघणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी हे करू नये. हे गॅस हळूहळू कमी करण्याच्या किगाली दुरुस्तीला भारतानं २०२१ मध्ये मान्यता दिली आहे.

जुना कंप्रेसर उतरल्यावर त्यातलं तेल एका मापात ओतून बघायचं. दोन गोष्टी कळतात. एक, तेल किती होतं, कारण नव्यातही हिशेबानं तेवढंच ठेवावं लागतं. नवा कंप्रेसर अनेकदा पूर्ण यंत्रणेपुरतं तेल भरून येतो आणि बाकीच्या भागांत जुनं तेल असतंच. जास्तीचं काढलं नाही तर ते कॉइलमध्ये साचून गारवा कमी करतं. दोन, तेलाचा रंग. स्वच्छ असेल तर सुटलात. काळं असेल किंवा चकाकत असेल तर काम मोठं आहे.

तेलाचा प्रकार स्टिकरवर किंवा कंप्रेसरवर लिहिलेला असतो. बहुतेक गाड्यांत पॅग नावाचं तेल लागतं आणि त्यातही ४६, १०० असे जाड-पातळ प्रकार असतात. हे तेल हवेतलं पाणी पटकन ओढतं. अर्धा रिकामा, झाकण सैल असलेला डबा पावसाळ्याच्या दिवसांत रॅकवर पडला असेल तर त्यातलं तेल घालू देऊ नका. नवा सीलबंद छोटा डबा समोर उघडायला सांगा.

पट्टा चढवण्याआधी कंप्रेसरचा दांडा हातानं आठ-दहा वेळा फिरवायचा. आडवा-उभा ठेवलेल्या कंप्रेसरमध्ये तेल एका बाजूला साचलेलं असतं; हातानं फिरवल्यावर ते पसरतं आणि पहिल्याच झटक्याला झडपांवर आदळत नाही. जोडांवरच्या रबरी ओ-रिंग नव्या, तेल लावून बसवायच्या.

मग ड्रायर. ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची ही पिशवी नव्या गाड्यांत बहुधा कंडेन्सरच्या कडेच्या नळीत असते. यंत्रणा उघडली की हवेतल्या दमटपणानं तिची क्षमता संपत जाते, म्हणून कंप्रेसरबरोबर ती बदलायची.

शेवटी व्हॅक्यूम. पंप लावून आतली सगळी हवा आणि पाण्याचा अंश ओढून घ्यायचा. हे प्रेशर कुकरच्या उलट आहे. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर उकळतं. इथे दाब इतका उतरवतात की पाणी पंचवीस-तीस अंशांनाच उकळून निघून जातं. त्याला वेळ लागतो, निदान अर्धा-पाऊण तास. पाच मिनिटं पंप चालवून बंद केला तर हवा जाते पण ओलावा राहतो. तो व्हॉल्व्हच्या छिद्रात बर्फ होऊन बसतो, तेलाशी मिळून आम्ल तयार करतो आणि आतून गंज चढवतो. पंप बंद केल्यावर गेजचा काटा पंधरा-वीस मिनिटं हलता कामा नये. हलला तर गळती आहे, गॅस भरायचा नाही.

काटा स्थिर राहिला की सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून गॅस सोडायचा.

"एवढं सगळं बदलायला सांगतात, हे बिल फुगवणं नाही का?"

शंका रास्त आहे, आणि उत्तर त्या कागदावरच्या थेंबात आहे.

तेल स्वच्छ असेल, कंप्रेसर फक्त पुढच्या सीलमधून गळत असेल किंवा दाबत नसेल, तर कंप्रेसर, ड्रायर आणि ओ-रिंग एवढं पुरतं. अशा वेळी कुणी कंडेन्सरही बदलायला लावत असेल तर कारण विचारा.

तेलात चुरा असेल तर मात्र कंडेन्सर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह बदलावेच लागतात. हल्लीच्या कंडेन्सरच्या चपट्या नळ्यांत केसासारख्या बारीक, एकमेकींना समांतर वाटा असतात. औषध मारून साफ करायला गेलं तर द्रव मोकळ्या वाटेनं निघून जातो आणि तुंबलेल्या वाटेत चुरा तसाच राहतो. पाइप आणि कूलिंग कॉइल धुता येतात, हा कंडेन्सर भरवशानं धुता येत नाही. माझ्या पहिल्या गॅरेजनं नेमकं हेच सोडलं. तेव्हा वाचलेले पैसे पुढच्या मार्चमध्ये दुपटीनं गेले.

म्हणून थेंब तुमच्यासमोर टिपायला सांगा आणि जुने भाग घरी न्या किंवा निदान हातात घेऊन बघा.

जुन्या बाजारातला कंप्रेसर

भंगारात निघालेल्या गाडीचा कंप्रेसर नव्याच्या मानानं खूप स्वस्तात मिळतो. तो घेऊच नये असं मी म्हणणार नाही. दहा-बारा वर्षांच्या गाडीत नवा घालणं सगळ्यांना शक्य नसतं. पण काही गोष्टी बघा. त्याची दोन्ही तोंडं बुचांनी बंद आहेत का? उघडी तोंडं घेऊन तो सहा महिने दुकानात पडला असेल, तर दमट हवा आणि धूळ आत गेलीच. आणि आतलं तेल कागदावर टिपून बघा. दांडा हातानं फिरवताना एकसारखा जोर लागला पाहिजे, कुठे अडकला तर परत ठेवा. रिपेअर करून विकलेल्या कंप्रेसरमध्ये फक्त सील बदललेत की आतले पिस्टन, झडपाही, ते विचारा आणि गॅरंटी बिलावर लिहून घ्या.

"एसी कमी वापरला तर जास्त टिकेल ना?"

कंप्रेसरच्या पुढच्या तोंडाला, जिथे दांडा बाहेर येतो तिथे, एक सील असतं. तेलानं ओलं असेपर्यंत ते गॅस धरून ठेवतं. जूनमध्ये बंद केलेला एसी थेट मार्चमध्ये लावला तर मधल्या महिन्यांत ते कोरडं पडतं आणि तिथून गॅस जायला लागतो. म्हणून थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवायचा. पावसाळ्यात तर तसं कारणही असतं. आंबोली किंवा माळशेज चढताना काचेवर आतून धुकं साचतं, ते एसीची कोरडी हवा क्षणात पुसून काढते.

स्वस्त गॅसचा मोह

आर-१३४एच्या नावाखाली भेसळीचे डबे विकले जातात. काहींत ज्वालाग्राही वायू असतात. तो गॅस डॅशबोर्डमधल्या कॉइलमधून गळला तर थेट तुम्ही बसता तिथे साचतो. काहींत मिथाइल क्लोराइड सापडलं आहे, ते ॲल्युमिनियमशी अभिक्रिया करतं. २०११ मध्ये जहाजांवर माल नेणाऱ्या शीत कंटेनरांत अशाच भेसळीमुळे स्फोट होऊन माणसं दगावली होती. गॅस नावाजलेल्या कंपनीचा, सीलबंद आणि डोळ्यांसमोर उघडलेला हवा.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर

तिच्यात पट्टा आणि पुली नसते. कंप्रेसरच्या पोटातच मोटर असते आणि ती गाडीच्या मुख्य बॅटरीच्या शेकडो व्होल्टवर चालते. नारिंगी जाड वायर दिसली की हात लावायचा नाही. इथे नेहमीचं पॅग तेल चालत नाही, कारण ते मोटरच्या वेटोळ्यांशी वीज झिरपू देतं. त्या कंपनीनं सांगितलेलं, वीज न वाहणारं तेलच लागतं. इतर गाड्यांची कामं करून आलेल्या यंत्रानं गॅस भरताना नळीतलं थोडं पॅग तेल आत गेलं तरी गाडी बिघाड दाखवू शकते. शिवाय अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत हाच गॅस बॅटरीलाही गार ठेवतो, म्हणून तिथे गळतीकडे दुर्लक्ष करणं जास्त महागात पडतं.

गाडी ताब्यात घेताना

सावलीत, इंजिन चालू ठेवून, ब्लोअर मधल्या वेगावर आणि आतली हवा फिरती ठेवून दहा मिनिटं थांबा. साधा थर्मामीटर मधल्या जाळीत खोचा. बाहेर चाळीसच्या वर असेल आणि जाळीतून दहा-बारा अंशांची हवा येत असेल तर काम चांगलं झालं आहे. बिलावर गॅसचं वजन, तेलाचा प्रकार आणि बदललेले भाग लिहून घ्या. पुढे कुणी यंत्रणा उघडली तर त्याला या तीन ओळी लागतात. दोन आठवड्यांनी पुन्हा त्याच जागी थर्मामीटर लावा आणि जोडांवर टॉर्च मारून तेलकट डाग पडलाय का ते बघा.